पिठाचे हात आणि पवित्र शास्त्र

नगरला आमच्या बिऱ्हाडाच्या भिंतीला भिंत लावून एक निवृत्त शिक्षिका राहत असत. सारी आळी त्यांना बाई म्हणे, आम्ही मुले मात्र मावशी म्हणत असू. संध्याकाळी त्यांचे हात बाजरीच्या पिठात गुंतलेले असत, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, मांडीवर ‘पवित्र शास्त्र’ म्हणजे मराठी बायबल घेऊन, त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे, असा माझा शिरस्ता पडून गेला होता. आमचे घर वारकऱ्याचे. तेव्हा या वाचनामागे माझी काही धर्मजिज्ञासा होती असे नव्हे, तव्यावरून उतरलेली गरम भाकरी आणि लसणीची चटणी हेच त्याचे मूळ, हे कबूल केलेले बरे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय म्हणजे मुलांना मोठी शिक्षाच. अब्राहामापासून येशूपर्यंतची ती वंशावळ, चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन उतरंडी रचून ठेवलेली. त्यांत अम्मीनादाब, यहोशाफाट, जरुब्बाबेल अशी जिभेला वेढे घालणारी नावे. एकदा मी त्यांतली दोन-तीन गाळून सफाईने पुढे सरकलो, तोच मावशींचा थापता हात थांबला. “मागं जा. माणसं गाळायची नाहीत.” मी मागे गेलो. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको ही चार स्थळे आली की त्या हमखास थांबवीत, आणि परातीकडे पाहतच म्हणत, “एवढ्या बापांच्या यादीत ह्या चौघींना ज्यानं लिहिलं, त्यानं विचार करून लिहिलंय बरं.” त्या चौघींपैकी कोणी परमुलखातली, कोणी लोकापवादाची धनीण, वंशाचा मोठेपणा सांगायला बसलेल्या माणसाने ज्यांची नावे सहज दडपली असती अशा त्या बायका. हे भाष्य मावशींना कोणा पंडिताने सांगितले होते की त्यांच्या पन्नास वर्षांच्या वाचनात ते आपोआप उगवले होते, हे मी कधी विचारले नाही.

महाराष्ट्रातील मावशींसारख्या ख्रिस्ती आईच्या श्रद्धेचा विचार करू लागले की ती वाचनापासून वेगळी काढता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत आणि 1831 साली अहमदनगरला आले, ते ज्या प्रॉटेस्टंट पंथाचे त्यात प्रत्येक माणसाने शास्त्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे हा मूळ आग्रह. आणि ‘प्रत्येक’ म्हटले की त्यात बायकाही आल्या, हा निष्कर्ष आपल्या समाजाला त्या काळी केवढाही विपरीत वाटो, टळण्यासारखा नव्हता. मिस सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी नगरला चालविलेली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती आणि तिचा परिणाम आपल्यावर झाल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे, म्हणजे त्या शाळेचे ऋण एकट्या ख्रिस्ती समाजापुरते राहिले नाही. पुढे गावोगावी ‘बायबलबाई’ नावाची एक नोकरीच निर्माण झाली: अल्प वेतनावर, पायपीट करीत, घरोघरच्या बायकांना शास्त्र वाचून दाखविणारी आणि जमल्यास अक्षरे शिकविणारी ही बाई बहुधा स्वतःही संसारीच असे.

या साऱ्या परंपरेतले सर्वांत ओळखीचे घर म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचा जन्म 1868 मधला, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीला गेलेले की बाहेरून आलेली चीजवस्तू धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही. त्या सोवळ्याचा जाच मुलांनी कसा सोसला याचे ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या आरंभी आलेले वर्णन वाचताना हसू येते, आणि हसू ओसरल्यावर त्या लहान मुलीची कणव येते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या हातून. आणि त्याच नवऱ्याने, कवी नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आधीची मुले अकाली गेलेली, दत्तू लहानगा, आणि नवरा हयात असून पारखा झालेला, अशी लक्ष्मीबाईंची त्या वेळची अवस्था होती.

पुढची पाच वर्षे मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटतात, कारण धर्मांतराच्या कथा बहुधा वादविवादाने सांगितल्या जातात आणि ही मात्र चुलीपाशी घडली. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचे पाणी वेगळे आणि स्वयंपाक वेगळा. टिळकांनी सक्ती केली नाही, बाईंनी हट्ट सोडला नाही. मग आपल्याच मनाशी विचार करता करता, माणसामाणसांत उच्चनीच देवाने केलेले असणे शक्य नाही, हे त्यांना पटले, आणि आधी सोवळे गेले. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आधी ताट एक झाले आणि मग धर्म, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे; पुरुषांच्या धर्मांतरात तो पुष्कळदा उलटा आढळतो, आणि ताट एक होण्याला कधी कधी आयुष्यही पुरत नाही.

त्यानंतरचा त्यांचा संसार म्हणजे पोटच्या मुलापाठोपाठ मानलेली मुलगी तारा, तिच्यापाठोपाठ दुष्काळ-प्लेगाच्या दिवसांत दाराशी आलेली पोरकी मुले, आणि महिन्याचा पगार पहिल्या आठवड्यातच दानधर्मात उधळून मोकळा होणारा घरधनी. देवावरचा भरवसा म्हणजे काय, हे टिळकांनी अभंगांतून आणि भजनांतून सांगितले. तो भरवसा चालविण्यासाठी डब्यात पीठ किती उरले आहे, हे पाहण्याचे काम मात्र बाईंकडे होते. त्यांची नवऱ्यावरील सर्व तक्रार, सर्व माया आणि सर्व थट्टा ‘टिळक’ या एका शब्दात मावते. पतीचे नाव घ्यायचे नाही अशा पिढीतल्या या स्त्रीने सबंध पुस्तकभर त्यांना आडनावानेच संबोधले आहे, आणि त्या आडनावाला इतक्या छटा आणल्या आहेत की दुसऱ्या कोणत्याही उल्लेखाची गरज पडू नये. 1919 साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य दहा-अकरा अध्यायांवरच अडले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय या बाईंनी लिहून पुरे केले.

लक्ष्मीबाईंनी चुलीपाशी जे केले, ते पंडिता रमाबाईंनी शब्दांत केले. रमाबाईंना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने, अरण्यातल्या घरात, पहाटे कामाला हात लावण्यापूर्वी, झोपेतून पुरती जागी न झालेल्या मुलीला जवळ घेऊन. त्या मुलीने पुढे हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून सबंध बायबल मराठीत आणले, ते प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या साध्या बाईला उमगत नाही म्हणून. एवढ्या मोठ्या संस्कृत विदुषीने संस्कृत शब्द निवडून बाजूला काढावेत, यासारखे दुसरे आत्मदान मला भाषेच्या इतिहासात चटकन आठवत नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. आणि ते बायबल त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदन या संस्थेतून 1924 साली छापून बाहेर पडले. मावशी रोज वाचीत ते दुसरे, सार्वत्रिक प्रचारातले भाषांतर, पण एखादे वाक्य अडले की त्या म्हणत, “रमाबाईंनी सोपं केलं असेल हे.”

वसईकडच्या कॅथलिक घरांची रीत थोडी निराळी. तिथे संध्याकाळी आई जपमाळेची प्रार्थना सांगते आणि मुले पुढचा भाग म्हणतात. म्हणजे वाचनापेक्षा पाठांतर अधिक. नगरकडे सणासुदीला टाळ-मृदंगावर ख्रिस्ती भजन-कीर्तन रंगते, नाताळात करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या होतात, आणि ताटे झाकून शेजारी फिरविली जातात. “तुम्ही मराठी बोलता की!” असे कोणी आश्चर्याने म्हटले की मावशींचा पारा चढे. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे मराठी नियतकालिक 1842 साली नगरलाच निघाला, तेव्हा तुमचे पणजोबा काय वाचीत होते, असा त्यांचा उलट सवाल ठरलेला.

मागे त्यांना भेटायला गेलो तेव्हा डोळे पुष्कळ अधू झाले होते. मुलगा परगावी, नातू इंग्रजी शाळेत. देवनागरी त्याला अडखळत येते. तरी दर रविवारी तो आजीला फोनवर स्तोत्र वाचून दाखवितो, आणि आदल्या रात्री त्याची आई ते त्याला रोमन अक्षरांत उतरवून देते. मावशींना याचे वैषम्य वाटत होते. मी त्यांना म्हटले, फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ नावाचे जे ओवीबद्ध मराठी पुराण गोव्यात रचले, ते 1616 साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीतच, कारण आपल्या अक्षरांचे खिळे तेव्हा मिळत नव्हते. आणि त्या ओव्या तशाच पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या गेल्या.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “वाचतो तर आहे ना. फक्त नावं गाळतो का, ते मला पुढच्या रविवारी ऐकलं पाहिजे.”