हाडाचं माप कोणी ठरवलं?

म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. ओसरीवर पाय घसरला की खुबा मोडायचा. दुखणं खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो रेघेचा. हाड किती विरळ झालं म्हणजे रोग म्हणायचा?

१९९२ साली रोम येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक भरली. या कामात काही औषधकंपन्यांचाही पैसा होता. माप धरलं ते तरुण, गोऱ्या स्त्रियांच्या हाडांचं. त्या सरासरीहून फार खाली तो रोग. थोडं खाली ते 'ऑस्टिओपेनिया'. हा मधला गट मुळात अभ्यासाच्या सोयीसाठी होता. पण सत्तरीच्या बाईचं हाड पंचविशीच्या मुलीसारखं कसं राहावं? शिक्षकबंधूंना गणित लगेच उमगेल : या मापानं निरोगी तरुणींतल्याही शेकडा सुमारे १५ जणी 'विरळ' ठरतात!

१९९५ मध्ये अमेरिकेत मर्क कंपनीची फोसामॅक्स ही गोळी आली. हाड मोजायची यंत्रं तेव्हा थोडी आणि महाग. मोजल्यावाचून गिऱ्हाईक कुठलं? मर्कनं त्याच वर्षी हाडमापनासाठी एक संस्था काढली, आणि लहान, स्वस्त यंत्रं डॉक्टरांच्या दवाखान्यांत शिरू लागली. मधल्या गटातल्या बायकाही मग गोळी घेऊ लागल्या.

ठिसूळपणानं ज्यांचं हाड एकदा मोडलं आहे, त्यांना ही गोळी उपयोगी पडते. त्यांनी ती आपल्या मनानं सोडू नये. नुसता 'ऑस्टिओपेनिया' सांगितला, तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, "माझ्या वयाला हाड मोडण्याचा धोका किती, आणि गोळीनं तो कितीसा उतरेल?"