खोडता न येणारी नोंद

१९२०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात राजकारण करायचे, तर कू क्लक्स क्लॅनला दुखवून भागत नसे. कृष्णवर्णीय, कॅथलिक आणि ज्यू यांचा द्वेष हा या संघटनेचा पाया. एका खेड्यातल्या दुकानदाराचे चिरंजीव ह्यूगो ब्लॅक बर्मिंगहॅममध्ये वकील झाले, पोलीस कोर्टात न्यायाधीश झाले, सरकारी वकील झाले आणि १९२३ साली क्लॅनचे सभासदही झाले. १९२५ साली त्यांनी राजीनामा दिला. पण १९२६ साली सिनेटवर निवडून आले ते क्लॅनच्या पाठबळावरच.

१९३७ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. सिनेटने ६३ विरुद्ध १६ मतांनी मान्यता दिली आणि पाठोपाठ पिट्सबर्गच्या एका दैनिकाने जुने सभासदत्व चव्हाट्यावर आणले. ब्लॅक रेडिओवरून बोलले. सभासद होतो, सोडले, विषय संपला, एवढाच त्याचा मथितार्थ. क्षमायाचना नाहीच.

पुढची ३४ वर्षे मात्र बोलकी आहेत. १९४० साली फ्लोरिडातील चार कृष्णवर्णीयांची, दिवसेंदिवस उलटतपासणी करून वदवून घेतलेल्या कबुलीजबाबावर उभी असलेली फाशी रद्द झाली. निकालपत्र ब्लॅक यांचे. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या एकमुखी निकालात ते होते, आणि अलाबामातल्या जुन्या मित्रांनी पाठ फिरवली. गरीब आरोपीला सरकारने वकील द्यावा, हे १९४२ साली त्यांचे अल्पमत होते; १९६३ साली गिडियन खटल्यात त्यांच्याच लेखणीतून तो कायदा झाला.

म्हणून त्यांना संत ठरवायचे का? १९४४ साली जपानी वंशाच्या नागरिकांना घरादारातून हुसकावणाऱ्या आदेशावर शिक्कामोर्तब करणारे निकालपत्रही त्यांचेच.

बँकेत उमेदवारी करताना आम्हाला पहिला धडा मिळे : लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद तशीच राहते. तिच्याखाली उलटी नोंद करायची. ब्लॅक यांची १९२३ची नोंद आजही वाचता येते, ती तशीच असावी. माणसे निवडताना आपण एकतर जुने पान फाडतो, नाहीतर त्याच पानावर खाते बंद करतो. ब्लॅक यांचे पूर्ण खाते वाचायला १९७१ साल उजाडावे लागले. तेवढा धीर आपल्यापाशी आहे का?