रोजनिशीतून घडलेली रेषा : मारिओ मिरांडा यांनी शहर कसे पाहिले

पणजी किंवा मडगावच्या बाजारात हिंडणाऱ्या पर्यटकाला एका विशिष्ट शैलीची चित्रे हमखास भेटतात. डोळे विस्फारलेले पाद्री, फुलाफुलांच्या झग्यातील स्त्रिया, सायकलवरून पाव विकणारा पदेर, कौलावर बसलेला कावळा आणि माणसांच्या पायाशी पसरलेले कुत्रे असा सारा गोतावळा एका चौकटीत दाटीवाटीने बसलेला असतो. चहाचे कप, फरशा, पिशव्या आणि शुभेच्छापत्रे यांवर दिसणारी ही चित्रे मारिओ मिरांडा यांची आहेत, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र ही रेषा ज्या नित्याच्या सवयीतून घडली, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

मारिओ मिरांडा यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. २०२६ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष आहे. पद्मश्री (१९८८), पद्मभूषण (२००२) आणि मृत्यूनंतर पद्मविभूषण (२०१२) असे तीनही नागरी सन्मान त्यांना मिळाले. चित्रकलेचे पदवी शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांच्या शिक्षणाची जागा दोन गोष्टींनी भरून काढली : रोज भरावयाची एक वही आणि पायाखालचे शहर.

भिंतीवरून वहीत

मिरांडा कुटुंब मूळचे दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यातील लोटली गावचे. तेथील त्यांचे वडिलोपार्जित घर श्याम बेनेगल यांच्या १९८५ सालच्या ‘त्रिकाल’ या चित्रपटातही दिसते. लहानपणी मारिओ घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. भिंती वाचाव्यात म्हणून आईने त्यांच्या हाती एक कोरी वही दिली. मुले शब्दांत रोजनिशी लिहितात, मारिओ ती चित्रांत मांडू लागले. शाळेत पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल त्यांना बोलणीही खावी लागली, पण वही सुटली नाही.

ही सवय प्रौढ वयातही टिकली. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या चित्रमय रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रकाशित झाल्या. त्या काळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, तर मुंबई नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातील महानगर होती. विशीतील हा तरुण या दोन जगांत ये-जा करीत होता. गावातील सण आणि लग्ने, चर्चच्या पायऱ्यांवरील गप्पा, मित्रांच्या मैफली, शेजाऱ्यांची भांडणे, आजारपणे आणि मृत्यू असे जे जे दिवसभरात घडे, ते रात्री वहीच्या पानावर उतरे. चित्राला जोडून दोन-चार ओळींचा मजकूर असे.

या सवयीचे कलेच्या दृष्टीने महत्त्व काय? पहिली गोष्ट म्हणजे रोजचे पान भरण्याचे बंधन. प्रेरणेची वाट पाहण्याची सोय त्यात नसते. ज्या दिवशी काहीच विशेष घडले नाही, त्या दिवसासाठीही काहीतरी शोधावे लागते आणि तो शोधच नजरेला वळण लावतो. दुसरी गोष्ट स्मरणाची. दिवसा पाहिलेला प्रसंग रात्री कागदावर आणताना अनावश्यक तपशील आपोआप गळतो. माणसाची चालण्याची ढब, नाकाचा आकार, हातातील छत्री एवढेच उरते. व्यंगचित्रकाराला नेमके तेच हवे असते. तिसरी गोष्ट निर्भयतेची. ही वही कोणाला दाखविण्यासाठी नव्हती. त्यामुळे बिघडलेल्या चित्राची भीती नव्हती आणि प्रयोगाला मोकळे रान होते.

मुंबई हीच कार्यशाळा

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून मारिओ यांनी इतिहास विषयात पदवी घेतली. त्यानंतर वास्तुकलेच्या अभ्यासाकडे ते वळले, परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. सुरुवातीच्या काळात मित्रमंडळींसाठी पोस्टकार्डांवर चित्रे काढून ते थोडेफार पैसे मिळवीत. पुढे सुमारे चार वर्षे त्यांनी एका जाहिरात संस्थेच्या चित्रशाळेत काम केले. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकाने त्यांची चित्रे छापली आणि त्यानंतर ‘करंट’ साप्ताहिक, टाइम्स समूहाची नियतकालिके असा त्यांचा प्रवास झाला.

या सर्व काळात मुंबईचे रस्ते हेच त्यांच्या विषयांचे भांडार होते. इराण्याच्या उपाहारगृहातील संगमरवरी टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बसथांब्यावरील रांग, उपनगरी गाडीला लोंबकळणारे नोकरदार, कुलाब्याच्या पदपथावरील विक्रेते, कार्यालयातील साहेब आणि टंकलेखिका यांनी त्यांची पाने भरून गेली. त्यातूनच सचिव मिस फोन्सेका, चित्रपटतारका मिस निंबूपाणी आणि पुढारी बंडलदास ही पात्रे जन्मली. ही पात्रे कोणा एका व्यक्तीची हुबेहूब चित्रे नाहीत. अनेकदा पाहिलेल्या अनेक माणसांचा अर्क त्यांच्यात उतरला आहे, म्हणूनच वाचकाला ती ओळखीची वाटली. रोजच्या घडामोडीवर भाष्य करणारे राजकीय व्यंगचित्र हा त्यांचा मुख्य प्रांत नव्हता. त्यांना माणसांच्या राहणीत अधिक रस होता.

गर्दी मांडण्याचे गणित

मारिओ यांचे चित्र प्रथमदर्शनी गोंधळाचे वाटते. जरा निरखून पाहिले, तर त्यामागील मांडणी ध्यानात येते. वर्तमानपत्रातील छपाई त्या काळी बहुतांशी काळ्या शाईची होती. रंगाचा आधार नसताना पन्नास माणसे एकमेकांपासून वेगळी कशी दाखवायची, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी नक्षीत शोधले. एका स्त्रीच्या झग्यावर फुले, शेजारच्या पुरुषाच्या सदऱ्यावर पट्टे, मागच्या भिंतीवर विटा, पायाखाली चौकटींची फरशी अशी प्रत्येक पृष्ठभागाला वेगळी वीण दिली, की रेषा सारख्याच जाडीची असूनही आकार सुटे दिसतात.

या नक्षीचे मूळ शोधायला दूर जावे लागत नाही. गोव्यातील जुन्या घरांची फरसबंदी, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, सज्जांचे नक्षीदार कठडे आणि मंगलोरी कौले यांची रचना मुळात पुनरावृत्तीवर उभी आहे. लोटलीच्या घरात वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांत ती मुरलेली होती. वास्तुकलेचा अभ्यास अर्धवट राहिला, तरी इमारत समजून घेण्याची दृष्टी त्यांच्या चित्रांत ठायी ठायी आढळते. त्यांच्या चित्रातील घर मोडके असेल, पण त्याचा जिना कोठे चढतो आणि खिडकी कोणत्या खोलीची आहे, हे सांगता येते.

दुसरी युक्ती कोपऱ्यांची. मुख्य प्रसंग मध्यभागी असला, तरी कडेला एखादे कुत्रे पोळी पळवीत असते, खिडकीतून कोणी म्हातारी डोकावत असते, तारेवर कावळे सभा भरवून बसलेले असतात. त्यामुळे वाचकाची नजर चित्रातून लवकर बाहेर पडत नाही. शहरातील गर्दीतही नेमके असेच घडते. तेथे एकाच वेळी अनेक गोष्टी चालू असतात आणि कोणतीही एक पूर्ण दिसत नाही.

वहीपासून भिंतीपर्यंत

लहानपणी भिंतीवरून वहीत आलेली चित्रे पुढे पुन्हा भिंतीवर गेली. कुलाब्यातील ‘कॅफे मोंडेगर’च्या एका भिंतीवर त्यांनी मुंबईचे जीवन रंगविले आहे, तर समोरच्या भिंतीवर खुद्द उपाहारगृहातील वातावरण. तेथे बसलेला ग्राहक चित्रातील ग्राहकांकडे पाहतो आणि कोण कोणाला पाहत आहे, असा संभ्रम पडतो. पणजीत चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेल्या कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात ही कल्पना आणखी पुढे गेली. तेथे प्रेक्षागृहाच्या भिंतींवर त्यांनी सज्जे आणि त्यांत बसलेले गोमंतकीय प्रेक्षक रंगविले. प्रयोगाला गर्दी कमी असली, तरी सज्जे भरलेलेच दिसतात. पणजीच्या महापालिका बाजारातही त्यांची भित्तिचित्रे आहेत.

आकार बदलला की रेषेची परीक्षा होते. वहीतील एक मिलिमीटर जाडीची रेषा दहापट मोठी केली, तर ती एक सेंटिमीटरची होते. तिचा चटपटीतपणा टिकवायचा असेल, तर चित्राची रचना मुळातच भक्कम असावी लागते. छायाप्रकाशावर विसंबलेले चित्र मोठे करताना विस्कटते. स्वच्छ बाह्यरेषा आणि सपाट नक्षी यांवर उभे असलेले चित्र मात्र तग धरते.

फरशीच्या बाबतीतही हेच खरे. पोर्तुगालमधून गोव्यात आलेल्या रंगीत, चकचकीत फरशांना ‘अझुलेजो’ म्हणतात. या शब्दाचे मूळ घोटीव दगड या अर्थाच्या अरबी शब्दात आहे. पारंपरिक पद्धतीत पांढऱ्या झिलईच्या कच्च्या थरावर कुंचल्याने, बहुधा निळ्या रंगात, चित्र काढून फरशी भट्टीत भाजतात. कच्चा थर रंग तत्काळ शोषून घेतो, त्यामुळे एकदा उमटलेली रेषा पुसता येत नाही. अशा माध्यमाला निःशंक, एका हाताने ओढलेली रेषा मानवते. मारिओ यांची चित्रे फरशीवर इतकी सहज शोभली, त्यामागे हे कारण आहे.

परक्या शहरांतील फेरफटके

१९५९ मध्ये कालूस्त गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर मारिओ पोर्तुगालला गेले. तेथून ते लंडनला पोहोचले आणि काही वर्षे तेथेच राहून त्यांनी काम केले. १९७४ मध्ये अमेरिकेचा दौरा घडला आणि त्यात ‘पीनट्स’कार चार्ल्स शुल्झ यांची भेट झाली. पॅरिस, जर्मनी आणि इतर देशांतील भ्रमंतीतून त्यांची स्वतंत्र रेखाटने साकारली.

या प्रवासचित्रांत एक निराळाच मारिओ भेटतो. जेथे माणसे ओळखीची नव्हती, तेथे त्यांनी इमारती, पूल, चौक आणि झाडे यांकडे लक्ष वळविले. जर्मनीतील हिवाळ्याच्या चित्रांत बारीक उभ्या-आडव्या रेषांच्या जाळीतून धुके आणि थंडी उभी राहते, विनोद मागे सरतो. एकाच चित्रकाराची रेषा शहरागणिक बदलते. ज्यांना ठरावीक ‘मारिओ शैली’ एवढीच माहीत आहे, त्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत.

मोल आणि मर्यादा

या चित्रांकडे आज दोन अंगांनी पाहावे लागते. मुक्तीपूर्व गोव्याचे गावजीवन आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांतील मुंबई यांचा हा मोलाचा दृश्य दस्तऐवज आहे. बंद झालेली इराणी उपाहारगृहे, पाडलेले वाडे, अस्तंगत झालेले पोशाख या चित्रांत टिकून आहेत. छायाचित्रकार सहसा ज्या क्षुल्लक क्षणांवर चित्रफीत खर्च करीत नसे, ते क्षण येथे सापडतात.

पण हा दस्तऐवज एका विशिष्ट खिडकीतून पाहिलेला आहे. ती खिडकी सुखवस्तू, जमीनदार कॅथलिक घराची आहे. शेतात राबणाऱ्या कुळांचे जग तिच्यातून दुरूनच दिसते. मिस फोन्सेकासारख्या पात्रांतील स्त्रीदेहाची थट्टा आजच्या वाचकाला खटकते आणि ते खटकणे योग्यही आहे.

अधिक काळजीची बाब वेगळी आहे. वस्तूंवरील छपाईमुळे मोजकीच चित्रे पुन्हा पुन्हा समोर येतात आणि जुना गोवा म्हणजे सदाहसरी सुट्टी, असा समज पक्का होतो. रोजनिशीतील गोवा तसा नाही. त्यात कंटाळा आहे, अंत्ययात्रा आहेत, गावगप्पांतील विखार आहे. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी मारिओ यांची विखुरलेली हजारो चित्रे जमवून ग्रंथरूपात आणि गोव्यातील ‘मारिओ गॅलरी’त मांडली नसती, तर हा दुसरा चेहरा बहुतांशी झाकलेलाच राहिला असता. भित्तिचित्रांचे भवितव्य तर इमारतींशी बांधलेले असते. नूतनीकरणाच्या कामात भिंतीवरील रंगाचा थर जपणे हे वेगळे कौशल्य आहे आणि त्याची तरतूद आराखड्यातच असावी लागते.

वही आजही स्वस्त आहे

महाराष्ट्रातील कलाशाळांत विद्यार्थ्यांना रेखाटनासाठी रेल्वे स्थानके, बाजार आणि मंदिरांच्या आवारात पाठविण्याची जुनी प्रथा आहे. हातातील भ्रमणध्वनीने क्षणात छायाचित्र घेता येत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. मारिओ यांच्या रोजनिश्यांत त्याचे उत्तर मिळते. छायाचित्रात समोरचे सगळेच येते. रेखाटताना मात्र काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे हाताला प्रत्येक रेषेगणिक ठरवावे लागते. हा निर्णय हजारो वेळा घेतला, की शैली तयार होते.

मारिओ मिरांडा यांचे निधन ११ डिसेंबर २०११ रोजी लोटली येथे झाले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी त्याच गावात, वडिलोपार्जित घरात घालविली. त्यांचे स्मरण म्हणून एखादी फरशी विकत घेण्यात गैर काहीच नाही. तिच्यासोबत एक कोरी वहीही घ्यावी आणि आपल्या चौकातील, आपल्या बसथांब्यावरील चार माणसे तीत रोज उतरवून पाहावीत. चित्र साधेल किंवा न साधेल, आपला चौक मात्र पूर्वीपेक्षा नीट दिसू लागेल.