सर्टिफिकेट मागतंय कोण?

आज एका कर्जाच्या अर्जापासून सुरुवात करू. मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत आमच्या सचिवानं अर्ज ठेवला. गावची सून, बी.ए. झालेली, चार वर्षं गटाचं दप्तर लिहितेय. तिला 25,000 रुपये हवे होते. "हिशेबाच्या कामात पुढं जायचंय, कोर्स करीन म्हणते." कुठला कोर्स, ते मात्र ठरत नव्हतं. पिशवीतून तिनं पाच-सहा क्लासांची रंगीत पत्रकं काढली.

पत्रकं बघून आम्ही गप्पच झालो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकापायी आमचे 18,000 गेले होते. आम्ही बारा जणी, महिन्याला शंभर रुपये भरतो. म्हणजे सगळ्यांची मिळून पंधरा महिन्यांची बचत. एका सभासदाच्या बी.कॉम. झालेल्या मुलीनं तालुक्याच्या क्लासातून 'फायनान्स डिप्लोमा' केला. सोनेरी काठाचं सर्टिफिकेट आलं, पेढेही खाल्ले. मग ती एका पतसंस्थेत मुलाखतीला गेली. व्यवस्थापकांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "जीडीसी अँड ए झालंय का?" पोरीनं ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिची आई भांगलणीच्या मजुरीतून अजून हप्ते फेडतेय.

म्हणून या वेळी ठरवलं, फी शेवटी विचारायची. आधी विचारायचं, हे सर्टिफिकेट मागतंय कोण? कायदा मागतो, बँक मागते, की नुसता क्लासवालाच?

एकेक पत्रक घेऊन बसलो. एकावर 'जेएआयआयबी करा, बँकेत पुढं जा' असं होतं. ही मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची परीक्षा, नावाजलेली आहे. पण ती बँकेत आधीच नोकरीला असलेल्यांसाठी आहे. बाहेरच्या बाईला तिचा फॉर्मच भरता येत नाही. पत्रकावर हे कुठंही लिहिलेलं नव्हतं! ते पत्रक बाजूला गेलं.

त्याच संस्थेची दुसरी परीक्षा मात्र आपल्या कामाची आहे, बँक मित्राची, म्हणजे बीसीची. 2006 साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना गावात असे प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली. आपल्याकडच्या बीसी सखी त्यातल्याच. दहावी झालेली बाईही हे काम करू शकते, आणि आरसेटीत प्रशिक्षण मोफत मिळतं. कमाई कमिशनवर. पैसे भरले-काढले जातील तेवढं मिळणार, आणि रेंज गेली की धंदा बंद, हे आमच्या बीसी सखीनंच सांगितलं.

म्युच्युअल फंड विकायचे तर एनआयएसएमची परीक्षा लागते. ही सेबीनं काढलेली संस्था. परीक्षेत 50 टक्के लागतात, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. परीक्षा फार अवघड नाही हो, पण गावात गुंतवणूकदार कुठून आणायचे? विमा एजंटचंही तेच. नात्यागोत्यातले संपले की पुढं काय? टॅली शिकावं, जरूर शिकावं, पण ते हत्यार आहे, पदवी नव्हे. सीए व्हायचं तर बी.ए.ला 60 टक्के असतील तर थेट इंटरमिजिएटला बसता येतं. पुढं दोन वर्षांची आर्टिकलशिप. आमची सचिव हसली, "दोन लेकरं घेऊन?" ज्यांना जमेल त्यांनी नक्की करावं.

राहिलं ते पतसंस्थेत विचारलेलं नाव. गंमत म्हणजे आमच्याकडच्या एकाही पत्रकावर ते नव्हतं. जीडीसी अँड ए म्हणजे सहकार व लेखा यांची शासकीय पदविका. परीक्षा सहकार खातं घेतं, साधारण मे महिन्यात, आणि अर्ज दोन-तीन महिने आधी ऑनलाइन भरायचा. कुठल्याही शाखेची पदवी चालते. सहा पेपर असतात: जमाखर्च, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व व्यवस्थापन, कायदे, सहकारी बँका व पतसंस्था, आणि गृहनिर्माण व इतर संस्था. उत्तरं मराठीत लिहिता येतात. गटाचं जमाखर्चाचं पुस्तक लिहिणाऱ्या बाईला पहिला पेपर अगदीच परका नाही. कायद्याचा मात्र घाम काढतो म्हणतात.

हिला मागणी का? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये कलम 81 आहे. विकास सोसायटी, दूध संस्था, पतसंस्था, प्रत्येकीचं लेखापरीक्षण दरवर्षी व्हावंच लागतं. ते करणारा प्रमाणित लेखापरीक्षक कोण, हे सांगताना कायद्यानं याच पदविकेचं नाव घेतलंय. पण पुढची ओळही वाचा. पदविका आणि मराठीचं ज्ञान असून भागत नाही, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. म्हणजे पास झालं की लगेच सही करायचा अधिकार नाही.

इथं आमच्यात मतभेद झाला. कोषाध्यक्ष अक्का म्हणाल्या, "तीन वर्षं कोण थांबणार? बीसीचं कर, महिन्याभरात चार पैसे दिसतील." अक्कांचं चुकत नव्हतं. सचिवाच्या घरी नवऱ्याचं काम हंगामी. पण गावात बीसी सखी आधीच आहे, दुसरी आली तर दोघींचंही कमिशन अर्धं. शेवटी दोघी-तिघी सचिवाला घेऊन तालुक्याच्या एका लेखापरीक्षकांकडे गेलो. त्यांना सरळ विचारलं, पास झाली तर हिला हाताखाली घ्याल का? ते म्हणाले, आतापासूनच आठवड्यातून दोन दिवस येऊ दे. पगार देणार नाही, एसटीचं भाडं देईन. आम्ही पगारासाठी घासाघीस केली, ते पास झाल्यावर बोलू म्हणाले.

25,000 ऐवजी तिला परीक्षा फी आणि पुस्तकांपुरतं 3,000 कर्ज मंजूर झालं. इतिवृत्तात लिहिताना मागून आवाज आला, "माझ्या पोरीचाही अर्ज घ्या." ती मजुरीतून हप्ते फेडणारी आई. जुनं कर्ज फिटल्याशिवाय नवं नाही, हा आमचाच नियम. तेव्हा मुलीला कर्ज दिलं नाही, पण पुस्तकं दोघींनी मिळून वापरायची ठरलं. आता रात्री नऊनंतर दोघी समाजमंदिरात बसतात. पोरीला जमाखर्च पक्का येतो, सचिवाला कायदा.