वडिलांच्या खोलीत राहून स्वतःचे घर

बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. अशा एकेका खोलीत आमच्यासारखी दोन-दोन बिऱ्हाडे राहिली. "वडिलांच्या नावावर खोली आहे, मग आपल्याला म्हाडाचे घर कसे मिळणार?" असे म्हणून आपले अनेक तरुण अर्जच करीत नाहीत. हा गैरसमज आहे.

म्हाडाच्या सोडतीत उत्पन्न धरतात ते पती-पत्नीचे, आई-वडिलांचे नव्हे. त्या शहरात या दोघांच्या किंवा त्यांच्या अज्ञान मुलांच्या नावावर घर मात्र नसावे. मुंबई परिसरात वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात.

बँकेत आम्ही पाहतो, सोडतीत घर लागते, पण हाती पैसा नसतो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक देऊ शकत नाही. उरलेली रक्कम आपणच उभी करायची असते. म्हणून आई-वडिलांजवळ राहून वाचणारे भाडे दरमहा आवर्ती ठेवीत टाकावे. अधिवासाचा, उत्पन्नाचा व जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. नंबर न लागल्यास अनामत परत मिळते. तेव्हा बंधू-भगिनींनो, अर्ज जरूर करा.