नायगावहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना

बिल्टी : माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती. ‘घरसामान, 1 गाडी’ एवढ्यावर सही करू नका. कपाट, फ्रीज, गाद्या, धान्याची कोठी, प्रत्येक नग वेगळा लिहून घ्या. कोठीचा जुना पोचासुद्धा.

कायदा : रस्ते मालवाहतूक कायदा 2007, अंमल 1 मार्च 2011पासून. जादा जोखमीचा दर भरायचे आधी स्पष्ट ठरले नसेल, तर भरपाई भाड्याच्या 10 पटींपर्यंतच. दाव्याआधी लेखी नोटीस, तीही बुकिंगपासून 180 दिवसांत. ही तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.

ई-वे बिल : वापरलेल्या घरसामानाला लागत नाही.

तक्रार : कंपनी पुण्याची असली तरी नायगावात राहणाऱ्याला नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. मुदत 2 वर्षे. हेल्पलाइन 1915.