अक्षर तेच, रूप वेगळे

[संगणकावर मराठी किंवा उर्दू मजकूर लिहिताना अक्षरे कधीकधी आपल्याला हवी तशी दिसत नाहीत. असे का होते आणि ते कसे दुरुस्त करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.]

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद हे तालुक्याचे गाव आहे. खानदेशातही एक जळगाव आहे. दोन्ही गावांच्या नावांत घोटाळा होऊ नये, म्हणून या गावाच्या नावाला जवळच्या जामोद गावाचे नाव जोडतात.

समजा, येथील उर्दू माध्यमाच्या एका विद्यार्थिनीला शाळेच्या संमेलनाची निमंत्रणपत्रिका संगणकावर तयार करायची आहे. वरच्या भागात मराठी मजकूर आणि खालच्या भागात उर्दू मजकूर हवा आहे. ती यादीतून एक फॉन्ट निवडते आणि लिहू लागते. पण मराठी अक्षरे भलत्याच वळणाची उमटतात. उर्दू मजकूर नस्तालीकऐवजी नस्ख वळणात दिसतो. ती फॉन्ट बदलते. दुसऱ्या दिवशी नवे पान उघडते, तर पहिलाच फॉन्ट पुन्हा हजर! मग संगणक बिघडला आहे का? नाही. संगणक आपले काम नियमाप्रमाणेच करत आहे. तो नियम आपल्याला माहीत असला पाहिजे.

मुलांनो, संगणकाला अक्षरे ओळखता येत नाहीत; त्याला फक्त आकडे समजतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. जगातील सर्व लिप्यांसाठी ठरवलेल्या या क्रमांकांच्या पद्धतीला 'युनिकोड' म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. या पद्धतीत इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, मराठी 'क'चा २३२५ आणि उर्दू 'काफ'चा १७०५ आहे. संगणक हा क्रमांक साठवून ठेवतो. पडद्यावर त्या क्रमांकाचे चित्र काढण्याचे काम फॉन्ट करतो. क्रमांक म्हणजे माणूस आणि फॉन्ट म्हणजे त्याचा पोशाख, असे समजा. पोशाख बदलला तरी माणूस तोच राहतो.

आपण काहीच सांगितले नाही, तर संगणक स्वतःहून जो फॉन्ट वापरतो, त्याला 'डिफॉल्ट फॉन्ट' म्हणजे ठरलेला फॉन्ट म्हणतात. हा फॉन्ट प्रोग्राम तयार करणारी कंपनी ठरवते. मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड' या प्रोग्राममध्ये इंग्रजीसाठी अनेक वर्षे 'टाइम्स न्यू रोमन' हा फॉन्ट होता. २००७ च्या आवृत्तीत त्याच्या जागी 'कॅलिब्री' आला. २०२३ साली कंपनीने 'ॲप्टॉस' हा नवा फॉन्ट जाहीर केला. देवनागरीसाठी विंडोज २००० पासून 'मंगल' हा फॉन्ट मिळू लागला. प्रसिद्ध सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी यांनी तो तयार केला होता.

आता त्या विद्यार्थिनीची अडचण पाहू. वर्डमध्ये 'कंट्रोल' आणि 'डी' या कळा एकत्र दाबल्या की फॉन्टची चौकट उघडते. तिच्यात इंग्रजीसारख्या लॅटिन लिपीसाठी एक रकाना असतो आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नावाचा दुसरा रकाना असतो. कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणजे गुंतागुंतीच्या लिप्या. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे असतात. उर्दूत शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकाच हर्फाचे आकार बदलतात. म्हणून या दोन्ही लिप्यांची गणना दुसऱ्या रकान्यात होते. पहिल्या रकान्यात कितीही फॉन्ट बदलले, तरी मराठी आणि उर्दू अक्षरे बदलत नाहीत. अक्षरांचा आकारही दुसऱ्या रकान्यात वेगळा ठरवावा लागतो. हा रकाना दिसत नसेल, तर वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'लँग्वेज' या भागात मराठी आणि उर्दू या भाषा जोडाव्यात.

दुसऱ्या रकान्यात योग्य फॉन्ट निवडल्यावर 'सेट ॲज डिफॉल्ट' हे बटण दाबावे. मग वर्ड एक प्रश्न विचारतो : हा बदल फक्त याच मजकुरासाठी हवा, की पुढील सर्व नव्या मजकुरांसाठी? घाईत पहिला पर्याय निवडला, तर दुसऱ्या दिवशी नव्या पानावर जुनाच फॉन्ट परत येतो. म्हणून सर्व मजकुरांचा पर्याय निवडावा. मात्र हा बदल नव्या पानांना लागू होतो. आधी तयार केलेले कागद आपोआप बदलत नाहीत. दुसरीकडून उतरवून आणलेला मजकूरही स्वतःचा फॉन्ट बरोबर आणतो. तो चिकटवताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय घेतला, म्हणजे फक्त अक्षरे येतात. पोशाख मागे राहतो.

'लिबर ऑफिस' या मोफत मिळणाऱ्या प्रोग्राममध्येही अशीच सोय आहे. तेथे 'टूल्स', मग 'ऑप्शन्स' आणि नंतर 'रायटर' या भागात मूळ फॉन्टचे वेगवेगळे रकाने दिसतात. मराठी आणि उर्दूसाठी 'सीटीएल' नावाचा रकाना वापरावा.

येथे एक नवी अडचण उभी राहते. मराठी आणि उर्दू यांचा रकाना एकच आहे. त्यात नस्तालीक फॉन्ट ठेवला, तर मराठीचे काय? नस्तालीक फॉन्टमध्ये सहसा देवनागरी अक्षरे नसतात. मग प्रोग्राम दुसऱ्याच एखाद्या फॉन्टमधून अक्षरे उसनी घेतो किंवा रिकाम्या चौकटी दाखवतो. यावर चांगला उपाय म्हणजे 'स्टाइल' तयार करणे. 'मराठी मजकूर' नावाची एक स्टाइल आणि 'उर्दू मजकूर' नावाची दुसरी स्टाइल करावी. पहिलीत देवनागरी फॉन्ट ठेवावा. दुसरीत नस्तालीक फॉन्ट ठेवून लेखनाची दिशा उजवीकडून डावीकडे ठरवावी. मग प्रत्येक परिच्छेदाला त्याची स्टाइल दिली, की दोन्ही भाषा एका पानावर सुखाने नांदतात.

फॉन्टच्या वळणाचा प्रश्न उर्दू वाचकांना नवा नाही. नस्तालीक वळण यंत्रावर आणणे फार अवघड होते. त्यामुळे उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकार लिहून 'नूरी नस्तालीक' तयार केला आणि १९८१ साली लाहोरचे 'जंग' हे दैनिक त्यात छापले जाऊ लागले. पुढे १९९४ मध्ये भारतात 'इनपेज' हा उर्दू लेखनाचा प्रोग्राम तयार झाला. नस्ख आणि नस्तालीक यांत हर्फ तेच असतात. फक्त वळण बदलते.

मराठीतही असेच आहे. 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठीत एका प्रकारे आणि हिंदीत दुसऱ्या प्रकारे लिहिण्याची रीत आहे. दोन्ही भाषांत त्यांचे युनिकोड क्रमांक मात्र एकच आहेत. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये काढलेल्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरण्यास सांगितले आहे. पण अनेक देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येते. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. अशा वेळी मजकूर निवडून त्याची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी, म्हणजे मराठी वळण दिसू लागते.

वळण आणि अक्षर यांत गल्लत मात्र करू नये. 'ल' कोणत्याही वळणाचा असला, तरी त्याचा क्रमांक २३५४ आहे. 'ळ' हे वेगळे अक्षर आहे. त्याचा क्रमांक २३५५ आहे. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून गावाचे नाव तेथे 'लाम'ने लिहितात. त्याच सवयीने मराठीत 'जलगाव' लिहिले, तर ती फॉन्टची चूक नसून लेखनाची चूक ठरते. कोणताही फॉन्ट ती दुरुस्त करू शकत नाही. यादीत 'जळगाव' शोधणाऱ्या संगणकालाही ते नाव सापडत नाही.

एक बिघाड याहून गंभीर आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठीसाठी वेगळ्या प्रकारचे अनेक फॉन्ट वापरले जात. त्यांत संगणक इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवी आणि त्यांवर मराठी चित्रे बसवी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असा मजकूर उघडला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. बिघाड ओळखण्याची रीत सोपी आहे. मजकूर निवडून त्याला दुसरा युनिकोड देवनागरी फॉन्ट द्यावा. मराठी वाचता आली, तर दोष फक्त पोशाखाचा होता. खिचडी दिसली, तर क्रमांकच वेगळे आहेत. तेव्हा फॉन्ट बदलून उपयोग नाही. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने सारा मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर तो एकदा नीट तपासावा लागतो.

शेवटी, आपला कागद दुसऱ्याकडे पाठवताना काळजी घ्यावी. आपला फॉन्ट त्याच्या संगणकावर नसेल, तर त्याला वेगळेच रूप दिसेल. फक्त छापायचे असेल, तर कागद 'पीडीएफ' स्वरूपात पाठवावा. त्यात फॉन्ट बरोबर जातो. कार्यालयात दिलेला अर्ज वाचता आला नाही किंवा दाखल्यावर नाव चुकले, तर माणसाला पुन्हा खेटे घालावे लागतात. म्हणून आधी अक्षर बरोबर लिहावे, मग त्याला योग्य पोशाख द्यावा.

शब्दार्थ

पायथा – डोंगराचा खालचा भाग
भलतेच – नको असलेले, वेगळेच
वळण – अक्षर लिहिण्याची पद्धत
रकाना – माहिती भरण्याची चौकट
गल्लत करणे – एका गोष्टीला दुसरी समजणे
खेटे घालणे – एका कामासाठी पुन्हा पुन्हा जाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डिफॉल्ट फॉन्ट म्हणजे काय?
(आ) 'मंगल' हा फॉन्ट कोणी तयार केला?

२. कारणे लिहा.
(अ) पहिल्या रकान्यातील फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरे बदलत नाहीत.
(आ) 'जलगाव' ही फॉन्टची चूक नाही.

३. 'मजकूर', 'अर्ज', 'कागद', 'हजर' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी दोन शब्द पाठातून शोधा आणि वाक्यांत वापरा.

४. आपल्या शाळेच्या संमेलनाची निमंत्रणपत्रिका मराठीत तयार करा.